प्रेडनिसोलोन सिरप: काउंटरच्या दोन्ही बाजूंनी

मिरजेत माझं मेडिकल आहे. या गावात दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे औषधाच्या दुकानांनाही नाही. डी. फार्म. करून काउंटरमागे उभा राहिलो तेव्हापासून प्रेडनिसोलोन किती विकलं असेल याचा काही हिशेब नाही. दम्याला, ॲलर्जीला, नेफ्रोटिक म्हणजे मूत्रपिंडाच्या आजारातल्या सुजेला, सांधेदुखीला. पण घरच्या लेकराचं तोंड धरून ते पाजायची वेळ गेल्या पावसाळ्यात आली. लोक मिक्सरचं आणि चपलांचं परीक्षण लिहितात, मग ज्या औषधाच्या नावानं निम्मे आईबाप घाबरतात त्याचं का लिहू नये?

तर औषध: प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं तोंडावाटे घ्यायचं सिरप, ५ मिलिमध्ये १५ मिलिग्रॅम. कशासाठी: लहान मुलांचा आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर उलटते, प्लेटलेट खाली येतात आणि रक्त साकळेनासं होतं. वापरणारा: आमच्या मनूचा, म्हणजे माझ्या लेकीचा, मुलगा, वय साडेचार, वजन १५ किलो. घरात त्याला बंड्या म्हणतात, इथेही तेच नाव चालेल.

सर्दीतापानं पोर दोन-तीन आठवड्यांपूर्वी पडलं होतं, ते बरं होऊन पुन्हा उड्या मारत होतं. मग आंघोळ घालताना मनूला नडग्यांवर लाल ठिपके दिसले, टाचणीच्या टोकाएवढे. घामोळं म्हणून पावडर लावली. दुसऱ्या दिवशी पाठीवर आणि पोटावर निळेजांभळे डाग. चार वर्षांच्या मुलाच्या नडग्या काळ्यानिळ्या असतातच, पण पोटावर कोण आपटतं? तिनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी म्हटलं, काचेचा ग्लास दाबून बघ. दाबल्यावर घामोळं पुसट होतं, कातडीखाली आलेलं रक्त होत नाही. ठिपके तसेच राहिले. संध्याकाळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी झाली, प्लेटलेट ९,०००. सर्वसाधारण आकडा दीड ते साडेचार लाख असतो.

पावसाळ्यात आमच्याकडे प्लेटलेट कमी म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, डेंग्यू. डेंग्यूची तपासणी केली, निगेटिव्ह आली. तापही नव्हता. हिमोग्लोबिन ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, यकृत-प्लीहा हाताला लागत नव्हते, मूल हसतंखेळतं. फक्त प्लेटलेटच खाली.

इथे बालरोगतज्ज्ञांनी जे केलं त्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. त्यांनी औषध लिहिण्याआधी रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टकडून डोळ्यांनी पाहून घेतली. याची कारणं दोन. एक, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यानं काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्राला ते गठ्ठे मोजता येत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. दुसरं कारण जास्त गंभीर. ब्लड कॅन्सरमध्येही प्लेटलेट खाली येतात, आणि लहान मुलांच्या नेहमीच्या ब्लड कॅन्सरवर स्टेरॉइडचा थोडाफार परिणाम होतो. म्हणजे निदान न करता कुणी स्टेरॉइड सुरू केलं तर काही दिवस सगळं छान दिसतं, खरा आजार झाकला जातो आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. बंड्याच्या काचपट्टीवर प्लेटलेट अगदी थोड्या पण आकारानं मोठ्या दिसल्या, वाईट पेशी एकही नाही. सगळं असं ठरल्या साच्यात बसत असेल तर बोन मॅरो, म्हणजे प्लेटलेट जिथे बनतात तो हाडातला मगज, काढून तपासायची गरज नसते, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मनू पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

आणि मग त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: औषध काही नाही, लक्ष ठेवा.

जावई नुसते बघत राहिले. ‘नऊ हजार प्लेटलेट आणि औषध काहीच नाही?’ विहीणबाईंनी विचारलं, डॉक्टर नवीन आहेत का? पण हा शहाणपणाचा निर्णय होता. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: नुकताच आयटीपी झालेल्या मुलाला रक्तस्राव नसेल किंवा फक्त कातडीवर ठिपके-डाग असतील, तर आकडा काहीही असो, स्टेरॉइड न देता लक्ष ठेवणं बरं. बहुतेक मुलं काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप बरी होतात. साधारण पाचातल्या एकाचा आजार वर्षाच्या पुढे रेंगाळतो. डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती सगळ्यांना असते, आणि ती खोटी नाही, पण मुलांमध्ये तसं क्वचित, हजारात एक ते पाच एवढ्या प्रमाणात होतं. म्हणून डोक्याला मार, जोराची डोकेदुखी, उलट्या, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर फोन करत न बसता थेट दवाखाना गाठायचा, हे आम्हाला दोनदा बजावलं.

त्या दिवसांत माझ्या दुकानात आणि मनूच्या घरी सल्ल्यांचा पाऊस पडला. पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, किवी, ड्रॅगन फ्रूट. पपईच्या पानांच्या गोळ्या मी स्वतः विकतो, डेंग्यूच्या हंगामात त्या मागायला रांग लागते, त्यामुळे मला त्यात शहाणपणा शिकवायचा नाही. पण इथे प्लेटलेट तयार होत नाहीत असं नाहीच. तयार होतात आणि मारल्या जातात. एका पाहुण्यांनी तर मिरजेतल्या रक्तपेढीत ओळख काढली, ‘दोन पिशव्या चढवून टाका.’ त्याचंही उत्तर डॉक्टरांनी दिलं: फुटक्या घागरीत पाणी. शरीरानं प्लेटलेटविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटनाही चिकटते आणि त्याही काही तासांत जातात. जिवावर बेतलेला रक्तस्राव असेल तरच चढवायच्या.

हे खरं कसं कळलं, त्याची गोष्ट मी बंड्याच्या बाबांना सांगितली. १९५० साली अमेरिकेत सेंट लुइस इथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरनं आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतलं. थोड्याच तासांत त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट तळाला गेल्या, फिट आली, अंगावर डाग उठले, आणि काही दिवसांनी तो ठीक झाला. दोष रुग्णाच्या हाडांत नाही, रक्तात फिरणाऱ्या कशात तरी आहे, हे त्यातून कळलं. निरोगी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. आयटीपीत तिला अँटिबॉडी चिकटते, प्लीहेतल्या पेशी अशा खूण झालेल्या प्लेटलेट गिळतात आणि तिचं आयुष्य तासांवर येतं. स्टेरॉइड दोन ठिकाणी काम करतं. आधी प्लीहेचं हे गिळणं मंदावतं, मग हळूहळू अँटिबॉडी बनणंही कमी होतं. आजाराचं मूळ ते उपटत नाही. मूल आपोआप बरं होईपर्यंतचा धोक्याचा काळ ते निभावून नेतं. हे ज्याला समजलं त्याची या औषधाकडून चुकीची अपेक्षा राहत नाही.

लक्ष ठेवण्याचं काम काही दिवस चाललं आणि मग बंड्याच्या नाकातून रक्त सुरू झालं, नाक चिमटीत धरूनही लवकर थांबेना. तोंडात बघितलं तर गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला काळपट रक्ताचे फोड. हे ओलं रक्त. कातडीवरच्या ठिपक्यांत आणि यात फरक आहे, आणि उपचार सुरू करायचे की नाही ते त्यावर ठरतं. प्लेटलेट ८,०००, म्हणजे आकड्यात काहीच फरक नाही. तरी आता औषध द्यायचं ठरलं, कारण मूल बदललं होतं. पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञ मॅडमशी बोलून बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं: प्रेडनिसोलोन, किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०, सात दिवस, मग बंद. २०१९ च्या त्याच सूचनांमध्ये किलोला २ ते ४ मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस, आणि सातच्या पुढे नको, असं आहे. तुमच्या मुलाचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, हा आकडा बघून कुणी घरी हिशेब मांडू नये.

आता खरं परीक्षण.

ताकदीपासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथेच होतो. बाजारात हे सिरप दोन ताकदींत मिळतं. एकात ५ मिलिला ५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ५ मिलिला १५ मिलिग्रॅम. एकाच कंपनीची दोन्ही असतील तर खोकी जवळजवळ जुळी, फरक एका शब्दाचा आणि एका आकड्याचा. मनू सांगलीत राहते. तिनं घाईत घराजवळच्या एका दुकानातून बाटली आणली आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. बाटली ५ मिलिग्रॅमची होती. चिठ्ठीवर लिहिलेले १० मिलि तिनं त्या बाटलीतून दिले असते, तर पोराच्या पोटात ३० च्या ऐवजी १० मिलिग्रॅम गेलं असतं, डोसचा तिसरा हिस्सा. आणि आपण म्हणालो असतो, औषध लागू पडलं नाही. उलटं झालं तर तिप्पट. म्हणून डॉक्टरांना सांगा, चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलि दोन्ही लिहा. दुकानदाराला बाटलीवरचा आकडा बोट ठेवून वाचायला लावा. राग आला तर येऊ दे. मी स्वतः दुकानदार आहे आणि मला नाही येत.

मोजण्यासाठी झाकणाचं माप वापरू नका. दहा मिलिची सिरिंज घ्या, सुई काढून, दहा रुपयांच्या आत मिळते. झाकणात ४ आहे की ५ ते दिव्याकडे धरून बघावं लागतं आणि शेवटी थोडं तळाला राहतंच. सिरिंजला रेघ असते, विषय संपला.

चव. एक तारा, तोही उदारपणे. प्रेडनिसोलोन कडू आहे, आणि कडूपणा जिभेवर आधी गप्प बसून मग वर येतो. कंपन्या स्ट्रॉबेरी, रास्पबेरीचा वास घालतात, त्यानं एवढंच होतं की पोराला पुढे आयुष्यभर स्ट्रॉबेरी आवडत नाही. पहिला डोस बंड्यानं भिंतीवर काढला. तो गुलाबी डाग मनूच्या किचनच्या टाइल्सच्या फटीत अजून आहे. मग युक्त्या सुरू झाल्या. दुधात मिसळणं सपशेल फसलं. पूर्ण ग्लास प्यायला लागतो, आणि अर्ध्यावर तो कडू लागला की उरलेला कोण पिणार, आणि मग गेलं किती ते कसं कळणार? आजीनं गुळाचा पाक करून बघितला, त्याला वास आला. चाललं ते असं: आधी चमचाभर गार श्रीखंड जिभेवर, लगेच सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू, आणि पुन्हा श्रीखंड. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि तुपकट थर बसतो, म्हणून कडूपणा कमी जाणवतो. सिरिंज टेकवताना रक्ताच्या फोडांना लागणार नाही हे बघायचं. उलटी झाली तर मनानं दुसरा डोस न देता फोन करा, किती वेळात झाली ते सांगा, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वेळ. सकाळी नाश्त्यानंतर ५ मिलि आणि दुपारी चारच्या आत खाऊन झाल्यावर ५ मिलि. रिकाम्या पोटी नाही, कारण पोट जळतं. त्यासाठी पोटाचं एक औषध वेगळं लिहिलं होतं. संध्याकाळनंतर नाही, कारण मग रात्री घरात कुणीच झोपत नाही. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलो, पण त्याचा अर्थ मला रात्री दीड वाजता बंड्या पलंगावर उभा राहून लेझीम खेळत होता तेव्हा कळला.

कारण आता दुष्परिणाम. लिहून ठेवलेले सगळे नाही आले, पण जे आले ते भरभक्कम आले. भूक: पोर रात्री अकराला उठून वरणभात मागायचं, वाटीभर संपवून पुन्हा तूप घालून मागायचं. त्यात गणपतीचे दिवस, घरात मोदक. खारट आणि गोड दोन्ही आवरा असं सांगितलं होतं, कारण स्टेरॉइडनं अंगात पाणी साठतं, रक्तदाब आणि साखर चढू शकते. शिवाय चकली, कुरकुरे असलं कडक काही नको, हिरड्यांना टोचतं. सणाच्या घरात चार वर्षांच्या मुलापासून चकलीचा डबा लपवणं हे एक स्वतंत्र काम आहे. राग: गोड स्वभावाचं पोर, पण रिमोट फेकला, आईला चावलं, आणि चावल्यावर स्वतःच रडत बसलं. मनूही रडली. ‘बाबा, हा माझा बंड्या नाहीये,’ असं म्हणाली. मी तिला सांगितलं, बाटली संपली की येईल परत. गाल थोडे भरले. रक्तदाब मोजायला नेलं तेव्हा लहान मुलांचा पट्टा शोधायला नर्सला वेळ लागला, पण त्यांनी मोठ्यांचा गुंडाळून काम उरकलं नाही, हे मला आवडलं. मोठ्या पट्ट्यानं आकडा चुकीचा कमी येतो. बंड्याचा ठीक आला.

औषध थांबल्यावर आठवड्याभरात भूक आणि राग दोन्ही जागेवर आले. सात दिवसांच्या कोर्सला हळूहळू कमी करत आणायची गरज नव्हती, थेट बंद केलं. महिनोन्महिने चालू असलेलं स्टेरॉइड मात्र असं एकदम तोडायचं नसतं. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एक प्रसंग सांगतो, कारण तो कुणाच्याही घरी येऊ शकतो. कोर्स चालू असताना मनूच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या मुलीला कांजिण्या निघाल्या. दोघं आदल्या दिवशी एकत्र चित्रं रंगवत बसले होते. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला कांजिण्या झाल्या तर त्या भारी पडू शकतात, म्हणून मनूनं त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन लावला. बंड्याला कांजिण्यांची लस आधी दिलेली होती, तिच्या कार्डावरची तारीख फोनवर वाचून दाखवली, म्हणून फक्त लक्ष ठेवण्यावर निभावलं. लसींचं कार्ड कपाटाच्या तळाशी ठेवू नका. आणि स्टेरॉइड घेतलेल्या मुलाला पुढची जिवंत विषाणूंची लस कधी द्यायची हेही विचारून घ्या, डोस आणि किती दिवस यावर ते अवलंबून असतं. याच कारणानं मिरजेतली विसर्जन मिरवणूक आणि तिच्या कमानी बंड्याला या वर्षी मोबाइलवरच बघाव्या लागल्या. त्यावरून जे महाभारत झालं त्यातलं किती स्टेरॉइडचं आणि किती आमच्या घराण्याचं, सांगता येत नाही.

घरातल्या औषधांच्या डब्यावरही मी हात फिरवला. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन बाहेर. हे सगळं आहे त्या प्लेटलेटचंही काम बिघडवतं. पॅरासिटामॉल चालतं, पण लहान मुलांच्या तापाच्या कित्येक सिरपांत पॅरासिटामॉलसोबत यातलं एक जोडलेलं असतं आणि पुढच्या बाजूला फक्त ब्रँडचं नाव मोठं असतं. मागची बारीक अक्षरं वाचा. दंडावर-ढुंगणावर इंजेक्शन नाही, म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरांकडे ‘एक सुई मारून द्या’ हा विषयच बंद.

परिणाम. नाकातलं रक्त दोन दिवसांत थांबलं, तोंडातले फोड सुकले. कोर्स संपतानाची सीबीसी ४६,०००, त्यानंतरची १,१२,०००. घरात पेढे आले. मी पेढा खाल्ला पण बोललो नाही, कारण पुढे काय होऊ शकतं ते मॅडमनी सांगून ठेवलं होतं. आणि तसंच झालं, पुढच्या तपासणीत २८,०००. जावयांचा लगेच फोन, ‘आबा, परत सुरू करायचं ना? बाटली अर्धी आहे.’

नाही करायचं. पोराच्या अंगावर चार जुने डाग सोडले तर काही नव्हतं. नाक, तोंड स्वच्छ. आकडा खाली आला म्हणून स्टेरॉइड, वर गेला म्हणून पेढे, परत खाली म्हणून परत स्टेरॉइड, अशा खेळात मुलांची उंची, हाडं आणि स्वभाव जातो. मॅडमनी शांतपणे सांगितलं, आपण कागदावर नाही, बंड्यावर उपचार करतोय. बालवाडीत जाऊ दे, घसरगुंडी नको, सायकल नको. दिवाळीपर्यंत आकडा नव्वद हजारांच्या घरात आणि संक्रांतीला १,८६,०००. मधल्या काळात एक थेंब औषध नाही. म्हणजे बरं कुणी केलं, तर त्याचं त्यानंच केलं. सिरपनं केलं ते एवढंच की ज्या आठवड्यात तोंडातून रक्त येत होतं तो आठवडा सुखरूप काढून दिला. या एका कामासाठी मी त्याला चार तारे देतो आणि पाचवा द्यायला मला दुसरं कारण लागेल.

दुसरे पर्याय नव्हते का? होते. आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे पॉल इम्बाख यांनी ते आयटीपीच्या मुलांना देऊन दाखवलं, तेव्हापासून आहे. आकडा एक-दोन दिवसांत वर येतो, स्टेरॉइडहून लवकर. रक्तस्राव जोरात असेल तर तेच लागतं. पण बंड्याला किलोला १ ग्रॅम धरलं तर १५ ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या तीन बाटल्या, एकेकीची किंमत हजारांत, फ्रिजची साखळी, दवाखान्यात भरती, आणि नंतर काही मुलांना डोकेदुखी-उलट्या. ती डोकेदुखी आयव्हीआयजीची की डोक्यातल्या रक्तस्रावाची, हा घोर वेगळा. आमचं सिरप शंभराच्या नोटेत येऊन वर सुटे परत मिळाले. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा चार दिवसांचा कोर्सही असतो, पण मुलांना त्यापेक्षा प्रेडनिसोलोन बरं, असं त्याच सूचना म्हणतात. ज्यांचा आजार लांबतो त्यांच्यासाठी आता एल्ट्रोम्बोपॅगसारखी प्लेटलेट वाढवणारी औषधं आहेत. आमची गाडी तिथपर्यंत गेली नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

कुणासाठी नाही, हेही सांगायला हवं. काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येतं: ‘पोरगं काडी आहे, मागं त्या औषधानं भूक लागली होती, तेच द्या.’ शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. एवढं म्हटलं की माणूस समोरच्या दुकानात जातो. जाऊ दे. अर्ध्या राहिलेल्या बाटलीचंही तेच. जावयांना ती फ्रिजमध्ये जपून ठेवायची होती, ‘पुढच्या खोकल्याला उपयोगी पडेल.’ मी सांगलीला गेलो तेव्हा ती घेऊन आलो.

अर्धा तारा मी आणखी कापणार होतो, चवीसाठी. पण चवीचं कंपनी तरी काय करणार, रेणूच कडू आहे. तो अर्धा तारा मी खोक्यासाठी कापतो. दोन ताकदींच्या बाटल्यांची झाकणं वेगळ्या रंगाची करा आणि ५ की १५ तो आकडा ब्रँडच्या नावाएवढा मोठा छापा. तोवर माझ्या दुकानात १५ च्या बाटलीवर मी लाल स्केचपेननं आकडा लिहून देतो, आणि सिरिंज फुकट. साडेतीन तारे.